गाण्यावर मारलेला शेरा

ती. अवधूतदादांना भिंगारहून धाकट्या चुलतभावाचा, रविकांतचा नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? वहिनींचा खोकला थांबला का? चि. राजसचं गाणंबिणं चालू आहे ना? आमच्या तब्येती ठीक आहेत, बाकी काहीच ठीक नाही.

दादा, सध्या एक घाणेरडं गाणं निघालंय आणि त्यात आमच्या मनवाचं नाव आहे. नुसतं नाव नाही, 'भिंगारची मनवा'! (भिंगारात मनवा एकच. नाव मीच हौसेनं शोधलं होतं. बघा, हौस कशी नडली.) हळदीला तेच, टेम्पोत तेच. गाणं लागलं की पोरगी कान झाकून आत पळते. कॉलेज बंद केलंय. परवा भाजीवालीनं नाव विचारलं, तर पोरगी खोटंच 'सुनंदा' म्हणून सांगून आली.

म्हटलं, व्हिडिओवाल्या कंपनीकडे तक्रार करू. ती इंग्रजीत करायची. लष्कराच्या स्टोअरमध्ये मोडक्या मालावर इंग्रजी शेरे मारण्यात माझा जन्म गेला, मला कसली भीती! पण ही घाण कुठल्या शब्दात बसवायची? 'इनडीसेंट' फारच सोवळं वाटलं. 'डबल मीनिंग' लिहिलं, तर सुनीती कडाडली, "डबल कुठलं? एकच मीनिंग आहे, तेही उघडं!" (बायको गप्प बसती तर आणखी शब्द सुचले असते.) शेवटी सवयीनं लिहून गेलो, 'सदर गाणे अनसर्व्हिसेबल, बियाँड लोकल रिपेअर.' आमच्याकडे याहून जहाल शेरा नाही, यानंतर माल थेट भंगारात. कंपनीचं उत्तर आलं, मोबाईल जवळच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.

मग लाज गुंडाळून ठेवली आणि गाण्याची ओळ न ओळ इंग्रजीत उतरवली. बापानं, दादा, स्वतःच्या मुलीबद्दल! डिक्शनरी बघताना डोळ्यांना धार लागली होती. तर कंपनीनं माझी तक्रारच अश्लील म्हणून काढून टाकली आणि वर मलाच तंबी दिली. गाणं जोरात चालू आहे.

फार खचलोय. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
रविकांत

ता.क. सुनीतीनं मेतकूट पाठवलंय. डबा परत नाही दिला तरी चालेल.

आणखी एक ता.क. ओळी उतरवायच्या म्हणून तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघावा लागला. गाणाऱ्यानं तोंडाला रुमाल बांधलाय, पण मागे तुमचा झोपाळा आहे आणि आवाज तुमच्या राजसचा आहे. माझा शेरा चुकला, दादा. काम लोकल रिपेअरचंच आहे. पोराला समोर बसवा, मराठीत सांगा आणि आजच्या आज गाणं काढायला लावा. मनवाला अजून काही कळलेलं नाही. तिनं त्याच्यासाठी राखी आणून ठेवलीय.