रंगरावचं खोगीर

चिरंजीव रंगराव,

मी पाटणची बनुबाई, तुझी थोरली बहीण. ओळख करून दिलेली बरी, कारण चंद्री घोडी आपल्या दोघांची हाय, हेसुद्धा तू विसरलास.

सहा महिने सांगलीत तुझ्याकडं राहून ती काल टेम्पोतून परत आली. पाठ सोललेली, बरगड्या वर आलेल्या. सोबत तुझं नवं खोगीर. ते तू दुकानातल्या बाकावर ठेवून, वर बसून पसंत केलंस म्हणं! अरं, खोगीर घोडीच्या पाठीला बघून घेतात, आपल्या बुडाला बघून न्हाई.

तिकडं जनावरांच्या डॉक्टरानं तुला सांगितलं, तिच्या पाठीवरचा भार कमी करा. मग आमच्या सुभेदारांनी, म्हंजी तू, काय केलंस? स्वतःची एक चपाती कमी केली न्हाईस, घोडीचा खुराक तोडलास!

आता पाठ भरली तरी चंद्री तुझ्याकडं यायची न्हाई. बसायची हौस असंल तर ते खोगीर घराच्या कट्ट्यावर टाक आणि बस. कट्टा काय मरत न्हाई.

नात संयोगिता हे लिहून घेतीया. म्हणती, "आज्जी, मामाआजोबांना लय लागंल."

म्हटलं, "घोडीला लागलं तवा त्यानं इचारलं व्हतं?"

तरी पोरीनं पत्राचं पाकीट लपवलंय, धाडू देत न्हाई. म्हणून फोनवर एवढंच सांगणार हाय: घोडीसाठी पोतंभर हरभरा पाठव. कोरडाच पाठव. भिजवलास तर धाडायच्या आधी तूच संपवशील.

तुझं वजन जाणून असलेली,
बनूअक्का