धुण्याच्या फळ्यावरून काढलेले कुलूप क्रमांक चार

प्रति,
मा. अध्यक्षा श्रीमती सोलवेग ब्रांट,
व्यवस्थापक मंडळ,
सिरेनन सहकारी गृहनिर्माण संस्था,
ओरेब्रो.

अर्जदार: आल्गोत ब्रुनस्ट्रोम, घर क्र. ४, दुसरा मजला.

विषय: गुरुवार सकाळी दहा ते एक ही कपडे धुण्याची पाळी परत मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपली दि. ४ मार्चची नोटीस, माझ्या दारावर तिरकी चिकटवलेली.
२) मशीनसोबत आलेली माहितीपुस्तिका, पान ३१ (जे संस्थेत माझ्याखेरीज कोणीही उघडलेले नाही).

महोदया,

१. मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, बुटांच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त, आपल्या संस्थेत अकरा वर्षे राहत आहे. आठ घरांत मिळून तळमजल्यावर एकच मशीन, आणि फळ्यावर ज्याचे कुलूप ज्या वारावर त्याची ती पाळी, ही पद्धत मी आजवर काटेकोर पाळली. असे असता आपण माझे कुलूप फळ्यावरून काढून मला तीन महिने मशीनला हात लावण्यास आणि चिठ्ठ्या चिकटवण्यास मनाई केली आहे. आरोप तीन: (अ) मी मशीनचे दार नेहमी उघडे टाकतो; (ब) मी खालचे झाकण विनापरवाना उघडून पूर आणला; (क) मी रहिवाशांच्या मनाला लागतील अशा चिठ्ठ्या चिकटवतो. पैकी (अ) मला अभिमानाने मान्य आहे, (ब) निम्मा मान्य आहे आणि (क) बाबत हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

२. दाराबाबत. आपले मशीन समोरून उघडणारे आहे. अशा मशीनच्या दाराभोवती जाड रबर असते, त्याच्या घडीत धुण्यानंतर पाणी राहते, आणि दार बंद ठेवले की तिथे काळी बुरशी धरते. मग स्वच्छ धुतलेल्या चादरीला ओल्या कुत्र्याचा वास येतो आणि लोक साबण बदलतात. म्हणून मी रबर फडक्याने पुसतो, दार उघडे ठेवतो आणि "दार उघडे ठेवावे" अशी चिठ्ठी लावतो. घर क्र. ६ चे श्री. विकमन, जे आठवड्याचे सगळे कपडे पायाने दाबून एका खेपेत कोंबतात, त्यांनी तिच्याखाली लिहिले, "दार उघडं असलं की माझा गुडघा आपटतो." मी त्याखाली लिहिले, "गुडघा सांभाळून ठेवावा." यात मनाला लागण्यासारखे काय आहे हे मला आजतागायत कळलेले नाही.

३. पावडरीबाबत. आपल्या गावचे पाणी हलके, त्याला दोन चमचे पुरतात. इथे मात्र हत्ती धुवायचा असल्यासारखी पावडर ओततात. ती विरघळत नाही, खणात साईसारखी साचते. दर गुरुवारी तो खण बाहेर काढून जुन्या दातांच्या ब्रशने घासणारा या संस्थेत एकच इसम आहे, आणि त्याचेच कुलूप काढण्यात आले आहे.

४. गेल्या सप्टेंबरात नवे मशीन आले ते श्री. विकमन यांच्या मेहुण्याने बसवले. कपडे पिळायची वेळ झाली की ते मशीन जागा सोडून निघायचे, आणि एकदा तर चालत चालत दाराशी येऊन आडवे उभे राहिले. मंडळाने बैठक घेऊन काय ठरवले? तर "मशीन सुरू असताना आत जाऊ नये." वाहतुकीत आतला ड्रम हलू नये म्हणून पाठीमागे चार बोल्ट लावलेले असतात, ते काढायचे असतात, हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे. ते मी काढले, पाणसळ लावून चारही पाय समपातळीत आणले आणि बोल्ट खिडकीत ठेवून चिठ्ठी लिहिली, "हे बोल्ट मशीनचे आहेत, पण मशीनमध्ये नकोत." पुढच्या परिपत्रकात मंडळाने "कुशल तंत्रज्ञाचे" आभार मानले. मी ते परिपत्रक जपून ठेवले आहे.

५. यानंतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्री. विकमन यांच्याच सूचनेवरून मंडळाने खालच्या झाकणावर कागदी सील लावले, की हमीचा काळ संपेपर्यंत ते कोणी उघडू नये. त्या झाकणामागे फिल्टर आहे. फिल्टर महिन्याकाठी साफ करायचा असतो. सील लावून तो साफ होत नाही. मी हे तीन चिठ्ठ्यांतून कळवले होते, उत्तर आले नाही. पुढे जे झाले त्याचे मूळ इथे आहे.

६. आता मला घर क्र. ३ च्या श्रीमती गुनवोर सेडरलुंड यांच्याविषयी लिहिणे भाग आहे. त्यांचे दार माझ्या दारासमोर. त्यांची पाळी गुरुवारी एक ते चार, म्हणजे माझ्या लगेच नंतर. तरीही अकरा वर्षांत आमची भेट झालेली नव्हती. कारण आपल्या जिन्याची रीत आपणास ठाऊकच आहे: बाहेर पडण्याआधी दाराच्या भिंगातून पाहायचे, कान लावायचा, आणि जिना मोकळा झाला की मगच कडी काढायची. शेजाऱ्याला अवघडवू नये हा त्यामागचा भाव. त्यांचे दार वाजले की मी थांबतो, माझे वाजले की त्या थांबतात. एकदा आम्ही दोघेही चाळीस मिनिटे आपापल्या दाराआड उभे होतो. हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळले.

७. ओळख म्हणावी तर ती चिठ्ठ्यांतून. त्यांची पहिली चिठ्ठी अशी: "दहा ते एकवाल्यांचा एक मोजा रबराच्या घडीत सापडला. राखाडी. रफू छान केलंय हो." माझ्या रफूला कोणी छान म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे एकदा: "अहो चार नंबर, फिल्टर साफ केलात, बरं झालं. पण बेकिंगचा ट्रे इथेच विसरलात. रविवारी काय भाजणार, फिल्टर?" मी उत्तर लिहिले, "ट्रे मिळाला. सूचनेची नोंद घेतली आहे." त्यावर त्या: "नोंद काय घेता? माणूस आहात की कचेरी?" आणखी एकदा त्यांनी लिहिले, "कागदावर नका लिहू हो, वाफेनं टेप सुटते न् कागदाचा लगदा होतो. माझ्यासारखं दुधाच्या खोक्यावर लिहा." सूचना ही कागदावरच शोभते अशा समजुतीने मी तिकडे दुर्लक्ष केले. ती माझी चूक, आणि ती चूक किती मोठी हे पुढे येईलच. गेल्या ऑक्टोबरपासून मात्र त्यांच्या चिठ्ठ्या एकदम कोरड्या झाल्या. "मशीन पुसून ठेवावे." बस, एवढेच. मी सगळा हिवाळा विचार करत होतो की आपले काय चुकले. मशीन तर मी पुसूनच ठेवत होतो.

८. दि. २८ फेब्रुवारी. दुपारी दोनच्या सुमारास माझ्या दाराच्या फटीतून दुधाच्या खोक्याचा तुकडा आत आला: "चार नंबर, मशीन अडलंय. पाणी जात नाही, दार उघडत नाही, आईनं विणलेला टेबलक्लॉथ आत बुडलाय. शनिवारी ताईचा ऐंशीवा. तंत्रज्ञ नऊ दिवसांनी येणार म्हणे. तुम्हाला यातलं कळतं म्हणून लिहिते." मी ती सहा वेळा वाचली आणि ट्रे व चार टॉवेल घेऊन खाली गेलो. सील मी फाडले, ते मान्य. फिल्टरशेजारच्या बारीक नळीने पाणी ट्रेत काढू लागलो, पान ३१ प्रमाणे, अगदी सावकाश. अकरा ट्रे झाले. बाराव्याला जिन्यावर पावले वाजली आणि बंद दाराबाहेर येऊन थांबली. खोलीला दुसरे दार नाही. बाहेरून आवाज आला, "निघाला का हो टेबलक्लॉथ?" अकरा वर्षांत तो आवाज मी प्रथमच ऐकला. माझा हात फिल्टरवर होता. तो मी नको तितका फिरवला.

९. पाणी दाराखालून बाहेर गेले. "अगंबाई! चपला भिजल्या की माझ्या!" असे त्या म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या, मग रीतीप्रमाणे वर निघून गेल्या. तेच पाणी सायकलींच्या खोलीत शिरून श्री. विकमन यांच्या बुटांत भरले. त्या बुटांच्या टाचा आधीच बाहेरच्या बाजूने झिजलेल्या होत्या हे मी तपासनीस म्हणून नमूद करतो. टेबलक्लॉथ मी धुऊन, पिळून, त्यांच्या दाराच्या मुठीला टांगून आलो. दार वाजवले नाही.

१०. आता आरोप (क). फिल्टरमधून केसांच्या पिना, एखादे बटण निघेल अशी माझी अपेक्षा होती. निघाला मुठीएवढा लगदा. तो मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर पसरून चिमट्याने सोडवला. कागद होता. निळी शाई होती. "...डे ठेवावे". "...ळपट बाजू पुसा...". "...पुन्हा सांगण्यात ये...". अक्षर माझे होते. महोदया, या संस्थेचे मशीन माझ्या चिठ्ठ्या खाऊन तुंबले. मशीन तुंबू नये म्हणून मी ज्या लिहिल्या त्याच या. वाफेने टेप सुटून त्या आत पडत होत्या, आणि मला वाटत होते की लोक त्या मत्सराने फाडतात. विकमन यांच्यावर मी मनात घेतलेला तेवढा संशय मी मागे घेतो. गुडघ्याबाबतचे माझे मत कायम आहे.

११. लगद्याच्या मध्यभागी घडी घातलेला दुधाच्या खोक्याचा एक तुकडा होता. पाणी उपसणाऱ्या पंपाचे पाते अडवले ते त्याने. कागद विरघळला, पुठ्ठा विरघळला नाही. वाचता आले ते असे: "चार नंबर, आज गुरुवार ११ ऑक्टोबर. एक वाजता दहा मिनिटं थांबाल का? वेलचीचे बन करून आणते. कॉफी पण. भिंगातून किती दिवस बघायचं माणसानं?" ती त्यांनी सकाळी मशीनच्या दारावर चिकटवली असावी, आणि मी चादरी घाईने कोंबताना माझ्याच चादरींबरोबर ती आत गेली असावी. त्या दिवशी मी पाऊण वाजता सगळे पुसून, दार उघडे ठेवून, समाधानाने वर गेलो. त्या एक वाजता बन घेऊन खाली आल्या असणार. हे कळल्यापासून माझे जेवणात लक्ष नाही. मला फार वाईट वाटते आणि हे लिहायला फॉर्मात रकाना नसल्याने इथेच लिहीत आहे.

१२. तरी विनंती की: झालेल्या पुराबद्दल मी सायकलींची खोली स्वखुशीने धुऊन देईन, ती शिक्षा मला द्यावी. चिठ्ठ्यांवरील बंदी मला मान्य आहे; मी यापुढे लिहिणार नाही, सांगण्यासारखे असेल ते दार ठोठावून सांगेन. पाळी मात्र परत द्यावी, आणि ती दहा ते एक व एक ते चार अशी तोडून न देता घर क्र. ३ व ४ यांना मिळून दहा ते चार द्यावी. मधल्या वेळात मशीन रिकामे नव्वद अंशांवर चालवण्यात येईल, जे पुस्तिकेनुसार आवश्यकच आहे, आणि त्याला दोन तास लागतात. हे शक्य नसल्यास निदान गुरुवारी एक वाजता मला कपड्यांशिवाय त्या खोलीत दहा मिनिटे उभे राहू द्यावे. याहून जास्त मी मागत नाही.

१३. घर क्र. ३ ची संमती लागेल हे मी जाणतो. त्यासाठी चार दिवस मी भिंगाशी उभा होतो. आज सकाळी जिना मोकळा नसताना कडी काढली.

आपला नम्र आणि तूर्त कुलपाविना,
आल्गोत ब्रुनस्ट्रोम
गुरुवार, दि. १४ मार्च २०१९

सोबत:
१) बोल्ट, नग चार.
२) पान ३१ ची प्रत, मंडळातील प्रत्येक सदस्यासाठी एक.
३) दि. ११ ऑक्टोबरच्या चिठ्ठीची नक्कल. मूळ चिठ्ठी अर्जदार देणार नाही.
४) घर क्र. ३ चे संमतीपत्र, दुधाच्या खोक्यावर: "सोलवेगबाई, माझी संमती आहे. माझं कुलूप त्यांच्या शेजारी लावा. बन मात्र पुन्हा भाजावे लागतील, ऑक्टोबरातले बाराही मी रागाच्या भरात एकटीनं खाल्ले. गुनवोर."