साइड स्टँडवर पाहिलेलं कूलंट

मंगळवार, संध्याकाळ. एटापल्ली.

चूक माझीच. सकाळी मोटरसायकलचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, पाहिलं, पण साइड स्टँडवर. गाडी तिरपी, म्हणून कूलंटच्या टाकीत ते खुणेपर्यंत दिसलं. लसीच्या डब्याचं थर्मामीटर मी डोळ्यांसमोर धरून दोनदा वाचते, अन् गाडीच्या वेळी काय झालं मले?

जंगलातल्या चढावर इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. पुढच्या गावात बाया लेकरं घेऊन वाट पाहत होत्या. मी उतरून सरळ रेडिएटरच्या झाकणाले हात घातला, तर मोहफुलं वेचणाऱ्या एका म्हातारीनं माझं मनगटच धरलं.

"काऊन घाई करून राह्यली सिस्टर? धान उकडायचा हंडा चुलीवरून उतरवला का आम्ही लगेच झाकण काढत नाई. वाफ अंगावर येते."

राग आला. मले शिकवते! पण तिनं मनगट सोडलंच नाई. मग मी लसीचा डबा सावलीत ठेवून अर्धा तास बसली. गार झालेली गाडी सरळ उभी केली, तर कूलंटची टाकी जवळपास रिकामी. म्हातारीनं आपलं प्यायचं पाणी दिलं, तेच भरून गाव गाठलं. लस थंडच होती. मी सुटली!

घरी आल्यावर नवऱ्याले गाडी सरळ धरायले लावली, ते पाणी काढलं, कूलंट भरलं. बरोबर दोन खुणांच्या मधात.

हात पोळला असता तर आज एकाही लेकराले सुई देता आली नसती. शेवटच्यानं तर सुई पाहून भोकाड पसरलं अन् म्हातारीनं धरलेलं माझं तेच मनगट धरलं. मी हसत सुटली. त्याची माय पाहतच राह्यली.