तुझा वाटा माझ्या नावावर

प्रिय धाकट्या,

तुझ्या वकिलाची नोटीस गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी आली. सही ताईने केली. तिचे हात गायींच्या सडांना लावायच्या मलमाने माखलेले होते, त्यामुळे पाकिटावर तिचा अख्खा अंगठा उमटलाय. उभ्याउभ्या वाचली तिने, माझ्या हातात दिली आणि राहिलेल्या चार गायींचं दूध काढायला परत गेली. जमिनीचे सरळ दोन भाग करा आणि तीस दिवसांत उत्तर द्या, एवढंच त्यात आहे, पण तीन पानं लागली त्यांना. 'माझे अशील' म्हणजे तू, हे मला दुसऱ्यांदा वाचताना कळलं. नऊ महिने पोटात वागवलेला पोरगा अशील झाला, बघ!

मी रागावलेय, ते लपवत नाही. पण हे पत्र तुझी खरडपट्टी काढायला लिहिलेलं नाही, तेव्हा फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. तुला फसवलं गेलं असं तुला वाटतंय, आणि तुझ्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. शहरातल्या नोकरीवर निघालास तेव्हा बाबांनी तुला फाटकापाशी थांबवून शब्द दिला होता. पाणी सगळं वरच्या अंगाला आणि गवत सगळं ओढ्याकाठी, मधोमध कुंपण घातलं तर एकाच्या गायी तहानेने मरतील नि दुसऱ्याच्या भुकेने; म्हणून जमीन, गोठा, जनावरं सगळं ताईकडे राहील. पण तुझ्या अर्ध्या वाट्याएवढा आयुर्विमा मी उतरवतोय, माझ्यामागे तो तुला मिळेल, असं ते म्हणाले होते. तू त्यांच्या पाया पडून निघून गेलास. एका शब्दाने वाद घातला नाहीस, हे मी विसरलेले नाही.

गेल्या वर्षी ते गेले. मृत्युपत्रात जमीन ताईला, आणि विम्याचा कुठे पत्ता नाही. तू चार कंपन्यांत अर्ज केलेस, त्यांच्या नावावर पॉलिसी निघाली नाही. मग वकिलाच्या ऑफिसात सगळ्यांदेखत तू म्हणालास, म्हातारा खोटं बोलला आणि ताईने त्याला साथ दिली. मी तिथेच बसले होते, मूग गिळून. ते गप्प बसणं माझ्या जिवावर आलं होतं रे.

बाबा खोटं बोलले नाहीत. त्यांनी शब्द आधी दिला आणि तपासणी नंतर करून घेतली, एवढंच त्यांचं चुकलं. तू गेल्यावर महिनाभराने विमेवाल्यांच्या डॉक्टरकडे गेलो आम्ही. पंधरा दिवस त्यांनी विडीला हात लावला नव्हता, जणू तेवढ्याने छाती धुऊन निघणार होती. नवा सदरा घातलेला. डॉक्टरने छातीला वायरी लावल्या, कागद बाहेर आला, आणि तो बघून डॉक्टरने त्यांना पुन्हा एकदा झोपवलं. आठ दिवसांनी पत्र आलं की यांचा विमा उतरवता येणार नाही. मोडकं मशीन कोण विकत घेणार, म्हणाले, आणि हसायला गेले, पण जमलं नाही त्यांना. तुला सांगू या म्हटलं तर अंगावर आले. पोराला दिलेला शब्द मी गिळू का, असं म्हणाले.

मग विमेवाला एकदा चहाला आला होता. मी तेव्हा पेंडीचं पोतं पाठीवर घेऊन अंगणातून चालले होते. तो माझ्याकडे बघत राहिला आणि बाबांना म्हणाला, वहिनींचं वय काय हो? एकसष्ट होतं. झाली माझी तपासणी! रक्त, साखर, छाती, सगळ्यात पास. आयुष्यात पहिल्यांदा पहिला नंबर आला माझा. बाबा मात्र तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोराचा वाटा तुझ्या मरणावर लावायचा, मला नाही हे जमायचं, म्हणत होते. मीच समजावलं त्यांना. म्हटलं, तुमच्या मरणावर लावताना बरं चाललं होतं?

तर तुझा वाटा माझ्या नावावर आहे. मरेपर्यंतची पॉलिसी आहे, वारस म्हणून एकट्या तुझं नाव. आत्ता मोडली तर हातात चिंचोके येतील, म्हणून मोडता येत नाही. तिच्यासाठी बाबांनी एका गायीचं दूध कायमचं बाजूला काढलं, आणि तिचं नाव ठेवलं 'हप्ता'. तू सुट्टीत आलास तेव्हा या नावाला पोट धरधरून हसला होतास. ती गाय म्हातारी झाली, तिची कालवड आता व्यालीय, तिचं दूध त्यात जातं.

हे ताईला बाबा गेल्यावर कळलं, कारण हप्ता तिलाच भरावा लागणार होता. तुला सांगायचं नाही, अशी शपथ मी तिला घातली. तिने ती पाळली. तू तिला चोर म्हणालास तेव्हाही पाळली. त्या दिवशी घरी येऊन तिने गोठा दोनदा धुतला, मी बघत होते. आणि काल तिने जनावरांच्या व्यापाऱ्याला बोलावलं. तुझे पैसे तुला आत्ताच देऊन टाकायचे, म्हणून दुभत्या गायींतल्या निम्म्या काढणार म्हणते. शुक्रवारी तो गाडी घेऊन येईल. उरलेल्या निम्म्यांवर हे घर चालणार नाही, हे तिलाही माहीत आहे आणि तुलाही. पण हट्टाला ती तुझीच बहीण आहे.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. आमचे वकील म्हणाले, पॉलिसीची एक झेरॉक्स उत्तराला जोडू, तुमचा मुलगा गप्प बसेल. बसला असतास, पण तुला ते परक्याच्या पाकिटातून कळायला नको होतं. मला भीती वाटते ती जमिनीची नाही. इतकी वर्षं तू दर रविवारी फोन करायचास आणि पहिलं वाक्य एकच, आई, बरी आहेस ना? वकिलाच्या ऑफिसातल्या त्या दिवसापासून तो बंद आहे. त्या एवढ्याशा प्रश्नासाठी मी सहा वर्षं तोंड उघडलं नाही रे. वाटायचं, याला एकदा कळलं की विचारताना याची जीभ अडखळेल, आणि ऐकताना माझ्याही मनात पाल चुकचुकेल. आईलाच असलं वाटावं, याची लाज वाटते मला, पण वाटायचं खरं. आता सांगून बसलेय. तरी या गुरुवारी, रविवारची वाट न बघता, फोन कर आणि तेच विचार. मी बरी आहे असंच सांगणार, कारण मी बरी आहे, आणि अजून पुष्कळ दिवस बरी राहायचा विचार आहे. ते ऐकून तुला आनंद झाला की नाही, तेवढं मला आवाजावरून कळेल. मग शुक्रवारी गाडी भरून जाऊ द्यायची की रिकामी, ते तू ताईला सांग.

तुझीच, आणि सध्या तरी कुठेही न जाणारी,
आई