लेओकादिया आत्यांच्या स्वयंपाकघरातली सात मिनिटं

रेसिफे, ३ ऑगस्ट

आदरणीय लेओकादिया आत्यांना,

एवराल्दोचा वाकून नमस्कार. आशीर्वाद द्या, आत्या. (दिलात असं धरून पुढे लिहितो, पत्र संपायच्या आत परत घेऊ नका.) उजवा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का? मागची भिंत या पावसात टिकली ना? मी बरा आहे, जेवतो वेळेवर.

तुमच्या घरात पंधरा दिवस तळ ठोकून, तुमचं निम्मं खुराडं रिकामं करून आम्ही जो चित्रपट केला, त्याचं पुढे काय झालं ते कळवायचं राहून गेलं. आम्ही तो देशोदेशीच्या अकरा महोत्सवांना पाठवला. अकराही ठिकाणांहून नकार आला, पण इतक्या गोड शब्दांत की आमच्या निर्मातीनं, सोलांजनं (तुम्ही जिला काटकुळी म्हणता ती), पहिला नकार होकार समजून केक कापला. एकांनी विचारलं, चित्रपट ब्राझीलच्या ईशान्येतला, मग दुष्काळ कुठे आहे? मी कळवलं की त्या वर्षी पाऊस चांगला झाला, माझा इलाज नव्हता. दुसऱ्यांना एखादं पिस्तूल हवं होतं. सोलांज मला म्हणाली, “एक तरी माणूस मारायचा होतास रे. अगदी शेवटी. कुणाचं काय गेलं असतं?” मी म्हटलं, आत्यांच्या अंगणात कुणी मेलेलं आत्यांना चालत नाही.

बारावा महोत्सव मात्र हो म्हणाला. स्वित्झर्लंडमधलं तळ्याकाठचं छोटं गाव. तुम्ही बांधून दिलेली गुळाची ढेप विमानतळावर अडकली. तिथल्या अधिकाऱ्यानं ती हुंगली, ठोकली, शेवटी चाखली, आणि मग मला सोडलं, ढेप नाही. माझी बॅग लिस्बनलाच राहिली. तेव्हा हॉटेलातल्या वाढप्याचा काळा कोट मागून घेतला. थिएटरच्या दारात दोघांनी माझ्याकडे कॉफी मागितली. मी आणून दिली. (आपल्याकडे मागितली की देतात.) पुढे रंगमंचावर माझं नाव पुकारलं तेव्हा कळलं की ते दोघे परीक्षक होते. त्यांनाही तेव्हाच कळलं. एकाचा घोट घशातच अडकला.

खेळाला चाळीस माणसं. पहिल्या अर्ध्या तासात नऊ उठून गेली. प्रत्येकाच्या मागे सोलांज पुटपुटायची, “बाथरूमला गेला.” नववा मात्र छत्री घेऊन गेला. आत्या, चार वर्षं मी या चित्रपटाशिवाय दुसरं काही केलेलं नाही. त्या अंधारात मला वाटलं, आता गावी परतावं आणि तुमच्या शेळ्या राखाव्यात, तुम्ही ठेवलंत तर.

तेवढ्यात स्वयंपाकघराचा प्रसंग आला. म्हातारी पातेलं ढवळते आहे आणि भाच्याला झापते आहे. सात मिनिटं. (म्हातारीची भूमिका रिओच्या मिर्तेसबाईंची होती. त्या तुमची मिरची खाऊन तिसऱ्या दिवशी परत गेल्या, आठवत असेल. नंतर काय सोय केली ते खाली लिहितो.) कुणी हललं नाही. एकदा सगळे हसले. शेजारचा जाडजूड गृहस्थ डोळे पुसत बाहेर पडला. सोलांज म्हणाली, “हाही गेला बाथरूमला.” नंतर पाहिलं तर बाहेर उभा राहून आईला फोन करत होता. शेवटी बक्षिसांच्या वेळी आमचा खास उल्लेख झाला, तोही त्या म्हातारीसाठी. कॉफीवाल्या परीक्षकानं मला विचारलं, या बाई अभिनय कुठे शिकल्या? मी म्हटलं, घरीच.

शेजारच्या दोना झेफाला नमस्कार, शेळीला चारा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
एवराल्दो

ता. क. – आता याहून पुष्कळ मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं आहे. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी परवानगी वीस तारखेपर्यंत हवी. एकाच माणसाची राहिली आहे. सोबतच्या कागदावर खाली सही करावी. नाहीतर तो प्रसंग कापावा लागेल, आणि मग उरतो तो एक माणूस आणि एक शेळी.

ता. क. २ – त्या दिवशी पातेलं ढवळत मला झापताना तुम्ही विचारलंत, “तो लाल दिवा कसला रे?” मी म्हटलं, लाल म्हणजे बंद. आत्या, कॅमेऱ्याचं तसं नसतं. आतोबा गेले तेव्हा त्यांच्या सातव्या दिवसाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी आलो नाही, फुलं पाठवली आणि तीही प्लॅस्टिकची, हे आता स्वित्झर्लंडमध्येही ठाऊक आहे. एक परकी म्हातारी मला जिन्यात गाठून म्हणाली, “त्यांचं बरोबर आहे.” मीही हो म्हटलं.

ता. क. ३ – त्या प्रसंगात तुम्ही म्हणता, “याचं पत्र आलं की मी आधी शेवट वाचते. मागणं तिथंच असतं.” लोक हसले ते इथंच. म्हणजे कदाचित तुम्ही हे सगळ्यात आधी वाचत असाल. तसं असेल तर कागद पोस्टानं पाठवू नका. शनिवारी आतोबांची वर्षाची मिस्सा आहे, मी शुक्रवारच्या बसनं येतोय, कॅमेरा न घेता. सही करायची की नाही ते त्यानंतर ठरवा. आता पहिल्यापासून वाचा. तिथं गुडघ्याचं विचारलं आहे, ते खरंच विचारलं आहे.