गुडघे टेकणारी मंडळी

१० जानेवारी १९९९, रविवार

पोपटराव उजागरे आज उठून गेले. प्याला माझ्या हातात, चाळीसएक माणसं वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून — आणि हे मधूनच उठले, वेदीकडे तोंड करून रीतसर वाकले आणि सरळ दाराबाहेर! रागातसुद्धा वाकायला विसरले नाहीत.

दौंडमधलं माझं हे पहिलंच प्रभुभोजन. पाळकाची दीक्षा होऊन दोन महिने झालेत. एकतिसाव्या वर्षी स्वतःची मंडळी मिळाली, आणि ती अशी की जिनं बाई पाळक कधी पाहिलीच नाही.  प्याल्यातलं सांडलं नाही. तेवढं देवानं सांभाळलं.

११ जानेवारी, सोमवार

सकाळीच पोपटराव दारात. रेल्वेतले गार्ड, आता निवृत्त, वय सहासष्ट. चर्चचे वॉर्डन. मेणबत्त्या, प्याला, कुलपं, सगळं त्यांच्याकडे. तीस वर्षं! किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. चहा नको म्हणाले.

"तुमच्यावर राग न्हाई मॅडम. पर बाईच्या हातनं प्याला घ्यायचं माझ्यानं व्हायचं न्हाई."

 हे चर्च मलाच अजून परकं आहे. मी शिरूरची. अमेरिकन मिशनच्या देवळात वाढले. तिथं भाकरीचं ताट बाकांवरून हातोहात फिरतं, काचेच्या इवल्या पेल्यांत द्राक्षांचा रस, आणि सगळे बसल्या जागी एकदम घेतात. पेटी, टाळ, भजन. प्रार्थना पाळकाच्या मनात येईल तशी. आणि इथं? रेल्वेच्या इंग्रज साहेबांच्या वेळचं दगडी चर्च, रीत अँग्लिकन. प्रार्थना छापील. पांढरा झगा. वेदीवर दोन मेणबत्त्या. सगळ्यांत मिळून एक चांदीचा प्याला, त्यात खराखुरा द्राक्षारस, म्हणजे वाइन. आणि गुडघे! उठा, बसा, टेका. १९७० साली शिरूरची मंडळी आणि ही मंडळी एकाच चर्चमध्ये सामील झाल्या, आणखीही काही झाल्या. कागदावर एक झालो. गुडघ्यांचं अजून जमायचंय.

१४ जानेवारी

झगा सहा फुटी माणसाच्या मापाचा. रविवारी दोनदा पायात आला. शेजारच्या साखरबाईंकडे नेला. त्या राहुरीकडच्या, कॅथलिक, ओट्यावर मशीन टाकून शिवणकाम करतात. खाली चार इंच दुमडून टीप मारताना म्हणाल्या, आमच्या फादरांचा पण असाच असतोय, मग तुमच्यात आन् आमच्यात फरक काय?

सांगायला लागले. तुमच्यात सगळ्यांच्या वर पोप, आमच्यात बिशप आहेत पण पोप नाही. तुमच्या फादरना लग्न नाही, आमच्या पाळकांना चालतं. तुमची पवित्र मरियेला विनंती असते, आमची नुसती आठवण. मुलं मोठी झाली की बिशपनं डोक्यावर हात ठेवून त्यांचं दृढीकरण करायचं, म्हणजे मंडळीत पूर्ण घ्यायचं, हे दोघांतही. शिरूरला तेही नव्हतं. आमच्या पाळकांनीच मंडळीपुढं उभं करून विश्वास विचारला आणि घेतलं आत. बाई पाळक तुमच्यात नाही, आमच्यात आता आहे — म्हणजे मी.

साखरबाईंनी दातानं दोरा तोडला. "म्हंजी तुम्ही मधलं घर."

पाळकांच्या सेमिनरीत तीन वर्षं घालवली मी! इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

१७ जानेवारी, रविवार

पोपटराव आले नाहीत. दुपारी साखरबाई सांगत आल्या — ते त्यांच्या कॅथलिक चर्चमध्ये, मिस्सेच्या उपासनेला होते. शेवटच्या बाकावर.

३१ जानेवारी, रविवार

कॅथलिकांकडे त्यांचा सलग तिसरा रविवार. आज पोपटराव सवयीनं रांगेत उभे राहिले म्हणे. फादरांनी ओळखलं. भाकर दिली नाही, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्यांचा तसा नियमच आहे, बाहेरच्याला देता येत नाही. पोपटराव मान खाली घालून परत बाकावर.

मला आधी हसू आलं. मग लाज वाटली. आपल्या घरी घेत नाही, दुसऱ्याच्या घरी मिळत नाही. रविवारी प्रभुभोजन झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा न घालणारा माणूस तो. त्या दहा तारखेपासून चार रविवार उपाशी आहे.

७ फेब्रुवारी, रविवार

कमिटी बसली. पाच घरं येईनाशी झालीत. दोन घरं नव्या फेलोशिपला जायला लागली. त्यांचा हॉल भाड्याचा, ड्रम, टाळ्या, आणि बाप्तिस्मा थेट भीमेच्या पाण्यात बुडवून, लहानपणी झाला असला तरी पुन्हा. खजिनदार म्हणाले, तिथं निदान पुरुष तरी उभा असतो. ते पाण्यात उभे असतात, हे माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं.

एप्रिलमध्ये बिशपसाहेब दृढीकरणाला येणार. तोवर मंडळी अशीच गळत राहिली तर बदली नक्की. आणि मग म्हणतील — बघा, बाई पाठवून पाहिली.

८ फेब्रुवारी

आज रडले. अर्धा तास. मग पुरणपोळी केली.

१७ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

शिरूरला राखेचा बुधवार माहीतच नव्हता. इथं आणि कॅथलिकांत कपाळाला राखेचा क्रूस लावून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू करतात. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून राख करायची, हे पुस्तकात वाचलं. कशी, ते पुस्तकात नाही. कढईत घातल्या, पेटेनात, म्हणून रॉकेल ओतलं. भडका! पदर वाचला. राखेला असा वास की कपाळाला लावली असती तर मंडळी शिंकत घरी गेली असती.

उपासनेला पंधरा मिनिटं होती तेव्हा पोपटराव मागच्या दारानं आले. हातात पितळी डबी. झावळ्या आधी उन्हात कडक वाळवून, जाळून, राख वस्त्रगाळ केलेली. मऊ, काजळासारखी. डबी ठेवली, कढईकडे एकदा पाहिलं आणि गेले. हसले का? मला वाटतं हसले.

संध्याकाळी एसटीडीवरून शिरूरला दादांना, माझ्या वडिलांना, फोन केला. दादा म्हणाले, "आपल्यात राख भांड्याला लावतात गं."

२ मार्च, मंगळवार

पोपटरावांच्या घरी गेले. ते बाजारला गेलेले. त्यांच्या बायको बयाबाई एकट्याच होत्या, भिंतीला धरून चालत आल्या. दोन्ही गुडघे गेलेत. दर रविवारी येतात, दाराजवळच्या बाकावर बसतात, हे मी पाहिलं होतं. पुढं कधीच येत नाहीत, हे लक्षात आलं नव्हतं. आज विचारलं.

"गुडघं टेकत न्हाईत बाई. दोन वर्सं झाली घेऊन. हे म्हणत्यात, कठड्याशी टेकून घ्यायची रीत हाय. मी म्हणलं राहू द्या मग."

तक्रार नव्हती आवाजात. शेंगा फोडत फोडत सांगितलं. दोन वर्षं!

माझी आजी जन्मभर बसून घेत आली. तिला कुणी कमी ख्रिस्ती म्हटलं नाही. पण मी इथं आल्यापासून गुडघे टेकायलाच इतकी शिकत होते की आमची रीत कुणाच्या कामी येईल हे सुचलंच नाही. येताना मुठीत शेंगा आणि डोक्यात एकच गोष्ट.

७ मार्च, रविवार

केलं.

कठड्याशी सगळ्यांचं झाल्यावर भाकर आणि प्याला घेऊन पायऱ्या उतरले. कठड्याचं फाटक कुरकुरलं. मधल्या वाटेनं थेट शेवटच्या बाकापर्यंत. इतकी शांतता की बाहेर स्टेशनची घोषणा ऐकू आली. बयाबाईंना वाटलं मी कुणा दुसऱ्याकडे चाललेय. पाय आत घेऊन वाट करून दिली त्यांनी.

म्हटलं, तुमच्याचसाठी आणलंय.

दोन्ही हातांनी प्याला धरला. घोटभर घ्यायचा असतो, त्यांनी चांगले दोन-तीन घेतले. मी हात लावून थांबवलं नाही. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून रतनबाईंनी बोट वर केलं, शाळेत करतात तसं. मग आणखी एका आजींनी. वेदीपाशी परत गेले तेव्हा प्याला रिकामा होता.

८ मार्च, सोमवार

पोपटराव आले. टोपी हातात. "काल आमच्या मंडळीला तुम्ही बसल्या जागी दिलं म्हणं."

मी सारवासारव करू लागले, की सगळ्या मंडळीला नाही, फक्त तिघींना, आणि कमिटीला विचारूनच पुढं… ते ऐकून घेत होते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मंडळी म्हणजे बयाबाई!

बसा म्हटलं तर बसले. चहा घेतला. बशीत ओतून, हळूहळू. मग खाली बघत म्हणाले, "मी पुढं जाऊन घ्यायचो आन् ती मागं बसून ऱ्हायची. दोन वर्सं मी रीत सांभाळली. जानेवारीत तिकडं मागं बसून उपाशी आलो, तवा कळलं तिला कसं वाटत आसंल."

 उठताना म्हणाले की त्यांच्या मनाचं अजून नक्की नाही. म्हटलं, घाई नाही. किल्ल्या मात्र नेल्या. मेणबत्त्यांवर मेणाचे ओघळ तसेच ठेवते मी, हे त्यांना बघवत नव्हतं.

२८ मार्च, झावळ्यांचा रविवार

पोपटराव आले. पुढची जागा सोडून बयाबाईंशेजारी, शेवटच्या बाकावर. प्याला तिथं नेला तेव्हा मान हलवून नाही म्हणाले. पण बयाबाई घेत होत्या तेव्हा खाली हात धरून बसले, थेंब सांडू नये म्हणून.

पाचांतली तीन घरं परत आलीत.

२ एप्रिल, उत्तम शुक्रवार

येशूची क्रूसावरची सात वचनं, तीन तास. शिरूरलाही तीन तासच. हे मात्र कुणी न जुळवता जुळलेलं आहे.

४ एप्रिल, ईस्टर

दादा पहिल्या एसटीनं आले, शिरूरची चार भजनी माणसं घेऊन. मी पेटी, त्यांचे टाळ, दौंडकरांची छापील प्रार्थना. थोडं मागं-पुढं झालं, पण छत उडेल असं गायले सगळे.

प्रभुभोजनाला दादा माझ्याकडे बघत कठड्याशी आले आणि गुडघे टेकले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा! उठता येईना. खजिनदारांनी एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं धरून उठवलं. नंतर म्हणाले, खाली गेल्यावर बरं वाटतं गं, वर यायचं तेवढं अवघड.

मग मी शेवटच्या बाकाकडे गेले. बयाबाईंनी बसून घेतलं. पोपटराव बाकावरून उतरले आणि तिथंच, शहाबादी फरशीवर, बायकोच्या पायांशेजारी गुडघे टेकले. हात पुढं केले. मी भाकर ठेवली. प्याला दिला.  प्याला दातावर वाजला.

त्यांचं आमेन सगळ्यांत मोठ्यानं.

१८ एप्रिल, रविवार

बिशपसाहेब येऊन गेले. नऊ जणांचं दृढीकरण. फेलोशिपला गेलेलं एक घर मुलाच्या दृढीकरणासाठी आलं, एक तिकडेच रमलंय. रमू दे. जेवताना बिशपसाहेबांनी कमिटीला विचारलं, काही अडचण? खजिनदार म्हणाले, हो, फाटक कुरकुरतं.

२० एप्रिल, मंगळवार

पोपटराव आले. बरोबर पंचविशीची एक मुलगी, हातात लिफाफा. "ही आमची धाकटी, सविता. नगरला मास्तरीण हाय. चार वर्सांमागं म्हणाली, मला पाळक व्हायचंय. तवापासून मी हिच्याशी बोललो न्हवतो."

लिफाफ्यात सेमिनरीचा फॉर्म. त्याच्यावर इथल्या पाळकाची सही लागते. पेन पोपटरावांनीच खिशातून काढून दिलं.