पॉबजॉयचं नाव सोनेरी अक्षरांत

२ एप्रिल, रविवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे माझ्यावर कुणाला काही लिहावंसं वाटलं तर साहित्य तयार हवं.

निमित्त साडू. सासूबाईंकडे जेवण होतं. पुदिन्याची चटणी पुढे सरकवता सरकवता रॉडनीने यंदाही विषय काढलाच, की सेलिंग क्लबाच्या बारमधल्या बोर्डावर त्याचं नाव सहा वेळा आहे. ऑक्टोबर कप, सहा वेळा. सोनेरी अक्षरांत. सासऱ्यांचं दोनदा. माझ्या बायकोचं, ग्लेनिसचं, शाळेत असतानाचं एकदा. रॉडनीचा कुत्रा बिस्किट एका वर्षी होडीत बसला होता, म्हणून त्याचंही. सासूबाई म्हणाल्या, या घरात बोर्डावर नाव नाही असा क्लाइव्ह तेवढा एकटाच. बिस्किट टेबलाखालून माझ्याकडे बघत होता. कुत्र्याने असं बघू नये.

निश्चय: यंदाचा ऑक्टोबर कप माझा. सव्वीस वर्षं गालिच्यांचं दुकान चालवतोय. सपाट पृष्ठभाग मला कळतो. पाणी म्हणजे दुसरं काय?

१६ एप्रिल, रविवार

पहिला धडा. शिकवायला मिसेस बीव्हिस. वय एकाहत्तर, पूर्वी गावात टपाल वाटायच्या, आवाज अजून तिसऱ्या गल्लीपर्यंत पोचतो. त्यांचं म्हणणं, होडी उजवीकडे न्यायची तर सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलायचा. मी त्यांना शांतपणे समजावलं की ही बनवणाऱ्याची चूक आहे, आणि इतकी वर्षं कुणी तक्रार कशी केली नाही याचं मला आश्चर्य वाटतं. त्या म्हणाल्या, "बरं बाबा, तू तुझ्या पद्धतीने कर." केलं.

होडीचा तळ तपासण्याची संधी मिळाली. तळ वर आल्याशिवाय तपासता येत नाही. स्वच्छ आहे.

पाणी थंड.

२३ एप्रिल, रविवार

आज शर्यतीचे नियम. शर्यतीत पंच नसतो, ज्याने त्याने आपली चूक कबूल करायची. वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या बोयाला होडी नुसती लागली तरी जागच्या जागी एक गोल चक्कर घ्यायची. कुणी पाहिलं नसलं तरी. मिसेस बीव्हिस हे माझ्याकडे बघत दोनदा म्हणाल्या. मी वहीत घेतलं नाही. बोयाला धडकणाऱ्यांसाठीचा नियम आहे तो.

तळ तपासला. स्वच्छ.

७ मे, रविवार

क्लबाच्या होड्या माझ्या वजनाला दबून वागतात. स्वतःची घेतली. जुनी, पिवळी, एकट्याने चालवायची. ग्लेनिसने खर्चाचं नाव काढताच होडीला तिचंच नाव दिलं. दोन्ही बाजूंना मोठ्या निळ्या अक्षरांत: ग्लेनिस. ती बराच वेळ बघत राहिली. भारावली असणार. म्हणाली, "मला विचारलं असतंस तर?" बायकांना सरप्राइझ आवडतं.

११ जून, रविवार

पहिली शर्यत. सुरुवातीचा भोंगा झाला तेव्हा माझं तोंड नेमकं गावाकडे होतं. बाकीचे खाडीकडे निघाले. मी वेगळा मार्ग अभ्यासत होतो.

क्लबाची एक पद्धत मला पटत नाही. जेटीवरच्या खोलीत मिस्टर टफनेल कर्णा घेऊन बसतात आणि पाण्यावर जे दिसेल ते गावाला ऐकवतात. आज सगळ्या खाडीभर: "ग्लेनिस उलटली." थोड्या वेळाने: "ग्लेनिस परत उलटली." मग: "ग्लेनिसचं बूड वर आलंय, मदतीची बोट पाठवा." खरी ग्लेनिस तेव्हा क्लबाच्या स्वयंपाकघरात चहा ओतत होती. आज तिची पाळी. समोर तीस माणसं रांगेत कप घेऊन. जेवताना एकच वाक्य: "नाव बदल."

बदलणार नाही. अशाने होडीचं मन खचतं.

रॉडनी पहिला. मला टॉवेल देताना म्हणाला, "काय क्लाइव्हशेठ, तळ कसा काय आज?" हा माणूस मला लग्नापासून पाण्यात पाहतो.

९ जुलै, रविवार

शेवटून पहिला. मधे होडी आपोआप जागच्या जागी चार गिरक्या घेऊन मोकळी झाली. किनाऱ्यावर मिसेस बीव्हिसनी विचारलं, की चार चकरा घ्यायला एवढं केलंस तरी काय? प्रामाणिकपणाचा सराव, म्हटलं.

२० ऑगस्ट, रविवार

मला त्रास कशाचा आहे ते सापडलं. वारा. तो नसता तर मी केव्हाच पुढे गेलो असतो.

घरात ऑक्टोबर कपसाठी कपाटावरची जागा पुसून ठेवली. तिथल्या फुलदाणीचं काय करायचं ते ग्लेनिसला विचारलं. तिने एक सूचना केली. इथे लिहिण्यासारखी नाही.

१ ऑक्टोबर, रविवार. ऑक्टोबर कप. दुपारी १

हे होडीतून लिहितोय, रोजनिशी प्लास्टिकच्या पिशवीत आणली होती. विजयाचा क्षण गरम गरम टिपावा म्हणून.

वारा नावालाच. ओहोटी सुरू. पुलापर्यंत वर जायचं आणि परत यायचं. खाडीच्या मधोमध गाळाचा उंचवटा आहे, सगळे त्याला मोठा वळसा घालून जातात. बापाने घातला म्हणून मुलगा घालतो. पाणी सगळीकडे दिसतंय, मग वळसा कशाला? मी सरळ निघालो.

सध्या थांबलोय. होडी हलत नाही. विचारपूर्वक थांबलोय असं समजायला हरकत नाही.

दुपारी २

देवा! वारा पूर्ण पडला आणि ओहोटीने सगळ्यांना मागे ओढायला सुरुवात केली! शिडं वर, तोंडं पुलाकडे, आणि होड्या उलट्या दिशेने समुद्राकडे चालल्यात. एकेक करून माझ्या शेजारून मागे गेले. सगळ्यांनी नांगर टाकला असता तर जागेवर राहिले असते, पण रॉडनी होडी हलकी करायला नांगर गॅरेजमध्ये ठेवून येतो आणि बाकीचे रॉडनीचं बघून. तोही गेला. मागे सरकत सरकत. मी हात हलवला. त्याने नाही हलवला.

आणि मी जागचा हललो नाही. क्लाइव्ह पॉबजॉय पहिला! मिस्टर टफनेल कर्ण्यावर दोनदा म्हणाले, "ग्लेनिस आघाडीवर." तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज कापरा झाला.

बोर्डावर नाव बारीक अक्षरांत नको. सांगून ठेवीन.

दुपारी ३

वारा परत आला. चांगलाच.

पाणी मात्र गेलं. माझ्या चारही बाजूंना चिखल. उतरून ढकलावं म्हटलं तर बूट आत गेला आणि एकटाच राहिला. ते सगळे वळसा घालून, ज्याच्या त्याच्या परीने हात हलवत पुलाकडे गेले. रॉडनीने टोपी काढली.

कर्ण्यावर ग्लेनिसचा आवाज, गावभर: "क्लाइव्ह, निघताना ओव्हन बंद केला होतास का?"

नव्हता केला.

२ ऑक्टोबर, सोमवार

भरती परत येईपर्यंत तिथेच होतो. चिखलातून कुणी येऊ शकत नाही. मिसेस बीव्हिस तेवढ्या कडेला येऊन ओरडून गेल्या, की धीर धर, पाणी यायचं तेव्हा येतंच. बारमध्ये दिवे लागले. रॉडनीचं सातव्यांदा झालं, ते टाळ्यांवरून कळलं. मला फार वाईट वाटलं. सहा महिने भिजलो, बोटं सोलली, आणि तो कुत्रा आत सॉसेज खातोय.

हे माझ्यापुरतंच लिहितो: काठावर आमची गाडी उभी होती, हेडलाइट माझ्या होडीवर. पाणी येईपर्यंत उभी होती. मी किनाऱ्याला लागलो तेव्हा ग्लेनिस म्हणाली, "मटण जळलं. पाय आणलास ना दोन्ही? बस." बॅटरी उतरली होती. गाडी मी ढकलली. एका बुटावर.



१३ जानेवारी, शनिवार

ऐतिहासिक दिवस! क्लबाच्या सभेत मिस्टर टफनेल उभे राहिले. म्हणाले, त्या उंचवट्यावर आता कायमचा पिवळा बोया टाकायचा, म्हणजे परत कुणी त्या बाजूला जाणार नाही. आणि त्याला नाव द्यायचं पॉबजॉय. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. काहींच्या डोळ्यांत पाणी.

बोर्ड काय, बारमध्ये शिरणाऱ्यांनाच दिसतो. माझं नाव खाडीत येणाऱ्या प्रत्येक होडीला दिसणार, आणि प्रत्येक जण आदराने अंतर ठेवून जाणार. नकाशातही येईल. बिस्किटचं येईल का? रॉडनीला तसं सांगितलं. तो म्हणाला, "अभिनंदन शेठ, धोक्याला नाव मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं." जळतो.

नाव रंगवण्याचं काम मी मागून घेतलं. सोनेरी रंगात.

१३ एप्रिल, शनिवार

उद्या हंगामाची पहिली शर्यत. बोया गेल्या आठवड्यात पडला, माझं नाव दोन्ही बाजूंना. सुंदर. पण लांबून सोनेरी रंग जरा फिका वाटला, म्हणून आज मदतीच्या बोटीतून जाऊन जाडसर दुसरा हात दिला. डब्यावर लिहिलंय, वाळायला दोन दिवस. त्या सूचना नवशिक्यांसाठी असतात.

एक छोटी बातमी. मिस्टर टफनेलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे उद्यापासून कर्णा ग्लेनिसकडे. तिने स्वतःहून मागून घेतला म्हणे. घरातच दोन माणसं मोठ्या पदावर.

१४ एप्रिल, रविवार

वारा छान. सुरुवात छान. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते, हे हिवाळ्यात एकदाचं मान्य केलं होतं. अर्ध्या वाटेवर मी चौथा होतो! खरोखरचा चौथा, कुणीही मागे न सरकता. रॉडनी माझ्या अगदी पुढे. आज बोर्डावरचं नाव मला खरंच दिसत होतं.

मग बोया आला. ऊन त्याच्यावर पडलेलं, माझं नाव झळकत होतं. सगळे मोठा वळसा घालून चालले होते. वाटलं, रॉडनीने एकदा नीट वाचावं. हाक मारली, "रॉडनी, बघ!" आणि त्याला दाखवायला थोडा जवळून गेलो.

कर्ण्यावर, सगळ्या खाडीभर, एकेक शब्द सुटा, अजिबात घाई नाही: "ग्लेनिसने पॉबजॉयला धडक दिली आहे. पॉबजॉय, चक्कर घे."

घेतली. चक्कर घेताना दुसऱ्या बाजूने लागली. "पॉबजॉय, अजून एक." ती घेताना वारा फिरला आणि होडी बोयावर आडवी घासत गेली. "पॉबजॉय, घेत राहा." जेटीवर चहाची रांग मोडून सगळे कडेला आले होते. ग्लेनिसला इतकं हसताना मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. शेवटी उलटलो.

सगळ्यात शेवटी किनाऱ्याला लागलो. बोयावर आता अक्षर उरलेलं नाही, नुसता पिवळा आहे. मिस्टर टफनेलांनी घरून फोन करून सुचवलं, की नावाची भानगड नको, बाकीच्या बोयांसारखा नुसता नंबर द्यावा. चार.

होडी ओढून वर घेतली. तळ तपासला. सोनेरी आहे.